उजळणी कशाची?

धुऱ्याचे भांडण किती मुरले आहे हे पाहायचे असेल, तर त्या घरातल्या शाळकरी मुलाला विचारावे. आपल्या मंगरूळपीर तालुक्यात मृग नक्षत्र जवळ आले, शेते वखरून तयार झाली, की कुठे ना कुठे असे भांडण डोके वर काढतेच. सतराच्या पाढ्याला अडखळणारा मुलगा, कोणत्या साली चुलत काकांच्या नांगराने आपल्या धुऱ्यातली दोन तासे खाल्ली, त्या दिवशी आजोबा काय बोलले, गावातले कोण मध्ये पडले आणि कोण गप्प उभे राहिले, हे सारे घडाघडा सांगतो. त्या साली तो जन्मलाही नव्हता, तरी सांगतो.

हा धडा त्याला कोणी शिकवला? कोणी त्याला समोर बसवून शिकवले नाही. संध्याकाळी जेवताना विषय निघतो, पाहुणे आले की निघतो, तहसीलची तारीख आली की निघतो, काकांची गाडी दारावरून गेली तरी निघतो. मुलगा ताटावर बसून ऐकत असतो. पाढ्यांची उजळणी शाळेत दोन वर्षे झाली असेल. या धड्याची उजळणी मात्र घरात रोज चालू आहे.

आज या पानावर आम्ही एक साधा प्रश्न वाचकांपुढे ठेवू इच्छितो. आपण काय लक्षात ठेवतो, याची जबाबदारी आपल्यावर असते काय? पुष्कळांचे उत्तर असे असते, की आठवण काय, ती आपोआप येते. चांगल्या-वाईट कर्मांचा हिशेब द्यावा लागेल; पण आठवणींचा हिशेब कोण मागणार? आम्हांला हे उत्तर पुरेसे वाटत नाही. का वाटत नाही हे सांगण्यासाठी आधी मेंदूत शिकणे म्हणजे नेमके काय घडते, ते थोडे समजून घ्यावे लागेल.

माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात. एकेका पेशीच्या इतर पेशींशी हजारो जोडण्या असतात. या जोडण्यांमध्ये दोन पेशी एकमेकींना चिकटलेल्या नसतात. त्यांच्यामध्ये केसाच्या जाडीच्या हजारो पट लहान अशी फट असते. निरोप या फटीतून रासायनिक द्रव्याच्या रूपाने पलीकडे जातो. पेशी अशा वेगवेगळ्या असतात हे दाखवणारे स्पेनचे शास्त्रज्ञ रामोन इ काहाल यांना १९०६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे १९४९ साली कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड हेब यांनी आपल्या पुस्तकात एक नियम मांडला. एक पेशी दुसरीला जागी करण्यात वारंवार भाग घेत असेल, तर त्या दोघींमधली जोडणी अधिक पक्की होत जाते, असा त्याचा आशय होता. तेव्हा हा केवळ तर्क होता. त्याला प्रयोगाचा आधार मिळायला आणखी दोन तपे जावी लागली.

तो आधार नॉर्वेतील ऑस्लो शहरात मिळाला. तेथे टिम ब्लिस आणि टेर्ये लोमो या दोघांनी सशाच्या मेंदूतील हिप्पोकॅम्पस या भागातल्या जोडण्यांवर विजेचे बारीक झटके भराभर देऊन पाहिले. आठवणी बसवण्याच्या कामी हाच भाग लागतो. झटके थांबल्यावरही त्या जोडण्या कित्येक तास आधीपेक्षा जोरदार उत्तर देत राहिल्या. हे संशोधन १९७३ साली प्रसिद्ध झाले. नंतरच्या संशोधकांनी यामागची कळ शोधून काढली. निरोप घेणाऱ्या पेशीवर दोन प्रकारची दारे असतात. पहिले दार ग्लुटामेट हे द्रव्य येताच उघडते. दुसऱ्या दाराला, ज्याला एनएमडीए म्हणतात, मॅग्नेशियमचे बूच बसलेले असते. नुसता निरोप आल्याने ते उघडत नाही. निरोप आला आणि त्याच क्षणी घेणारी पेशीही चांगलीच जागी झालेली असली, तरच बूच निघते व कॅल्शियम आत शिरते. कॅल्शियम आत गेले की पेशी पहिल्या प्रकारची आणखी दारे बाहेर मांडते. पुढच्या वेळी तोच निरोप आला, की उत्तर अधिक जोराचे मिळते.

हे झाले काही तासांचे. वर्षानुवर्षांची आठवण कशी राहते? याचे उत्तर न्यूयॉर्कमध्ये एरिक कँडल यांनी एका मोठ्या समुद्री गोगलगायीत शोधले. तिच्या चेतासंस्थेत अवघ्या वीस हजारांच्या आसपास पेशी असतात, म्हणून तपासायला सोपी. तिला एकदा दचकवले तर ती काही मिनिटे सावध राहते आणि विसरते. पण थोडथोड्या अंतराने, काही दिवस पुन्हा पुन्हा दचकवले, तर ती आठवडे उलटले तरी विसरत नाही. पहिल्या वेळी जुन्याच जोडण्या तेवढ्यापुरत्या जोर धरतात. दुसऱ्या वेळी पेशीच्या केंद्रापर्यंत निरोप जातो, नवी प्रथिने तयार होतात आणि जोडण्यांची संख्याच जवळजवळ दुप्पट होते. या कामाबद्दल कँडल यांना २००० साली आणखी दोघांसह नोबेल पारितोषिक मिळाले.

आपल्याकडच्या भाषेत सांगायचे, तर हे पांदणीसारखे आहे. माणसे, बैल, गाड्या रोज एकाच बाजूने गेल्या की तेथे पांदण पडते. एका वर्षी कोणी गेले नाही, तर गाजर गवत माजते. पण खाली वाट असते. मेंदूतही रोजच्या वापराने वाटा पडतात. अंतर ठेवून पुन्हा पुन्हा केलेली उजळणी एका दमात केलेल्या घोकंपट्टीपेक्षा अधिक टिकते, हे जर्मनीतील एबिंगहाउस यांनी १८८५ सालीच दाखवले होते. आणि जेवणाच्या ताटावर रोज थोडेथोडे बोलले जाणारे भांडण ही नेमकी तशीच उजळणी आहे, हे आपल्या लक्षात आले असेल.

आता मुख्य मुद्दा. ही यंत्रणा पक्षपात करीत नाही. वाटेवरून कोण चालले आहे, हे ती विचारीत नाही. सतराचा पाढा, जपमाळेतली प्रार्थना, आईने लावलेली पहाटे उठण्याची सवय, शेजाऱ्याबद्दलची शिवी, भावाबद्दलचा आकस, हे सारे एकाच पद्धतीने पक्के होते. आकसासाठी मेंदूत वेगळे कुलूप नाही आणि प्रेमासाठी वेगळी खास सोय नाही. आपल्या गावात हयात कलंदरांचा दर्गा आहे, बिरबलनाथ महाराजांची यात्रा भरते. लहानपणापासून शेजाऱ्यांचे बोट धरून दोन्हीकडे गेलेल्या मुलाच्या मनात ही दोन्ही नावे आनंदाशी जोडलेली राहतील. आणि शेजाऱ्याच्या नावासोबत दरवेळी फक्त तुच्छतेचा शब्द ऐकलेल्या मुलाच्या मनात ते नाव त्या शब्दाशी जोडलेले राहील. यंत्रणा दोन्ही कामे सारख्याच इमानाने करील. निवड करणे तिच्या हाती नाही. म्हणजे ती आपल्यावर येते.

येथे एक गोष्ट विशेष गंभीरपणे घ्यावी लागते. बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात सुमंत्र चट्टर्जी यांच्या गटाने उंदरांवर केलेले संशोधन २००२ साली प्रसिद्ध झाले. दहा दिवस रोज दोन तास उंदरांना जखडून ठेवले असता, हिप्पोकॅम्पसमधील पेशींच्या फांद्या आखडल्या. परंतु भीती आणि धोका ओळखणाऱ्या अमिग्डाला नावाच्या भागात त्या उलट वाढल्या. पुढे २००४ साली त्यांनी असेही दाखवले, की एकवीस दिवस निवांत ठेवल्यावरही अमिग्डालातली ती वाढ आणि उंदरांची घाबरट वागणूक गेली नाही. उंदीर म्हणजे लेकरू नव्हे, आणि प्रयोगशाळा म्हणजे घर नव्हे, हे आम्ही जाणतो. तरीही ज्या घरात रोज संध्याकाळी आवाज चढतो, त्या घरातल्या मुलाला शिकायला जड आणि दचकायला सोपे का जाते, याचा विचार करायला एवढे पुरेसे आहे. भांडण दोन भावांचे असते. त्याची किंमत मात्र तिसऱ्यानेच, न मागता, द्यायची असते.

वाचकांपैकी कोणी येथे आडवा प्रश्न विचारील, आणि तो रास्त आहे. जर सवय पेशींतच बसलेली असेल, तर माणसाला दोष कशाला द्यायचा? दारू पिणाऱ्याचेच घ्या. दारू, तंबाखूतील निकोटिन यांच्या एकाच मात्रेनेही उंदरांच्या मेंदूतील, आनंदाशी संबंधित पेशींवरच्या जोडण्या जोर धरतात, असे २००३ साली अमेरिकेतील संशोधकांनी दाखवले. मग वर्षानुवर्षे पिणाऱ्याने गुत्त्यासमोर उभे राहून प्यावे की पिऊ नये, हे ठरवायला त्याच्याकडे कितीसे स्वातंत्र्य उरले?

आमचे उत्तर असे आहे. त्या क्षणी, त्या दारात, त्याचे स्वातंत्र्य खरोखरच थोडे असते. जे लोक त्याला केवळ निर्लज्ज म्हणून मोकळे होतात, त्यांनी हे समजून घ्यावे. पण माणसाचे आयुष्य एका क्षणाचे नसते. सकाळी, शुद्धीवर असताना, बस स्टँडवरून घरी कोणत्या रस्त्याने जायचे, मजुरीचे पैसे कोणाच्या हाती द्यायचे, संध्याकाळी कोणाच्या सोबत बसायचे, हे ठरवण्याइतके स्वातंत्र्य पुष्कळदा उरलेले असते. ते अगदी थोडे उरले असेल तेव्हा डॉक्टर आणि शेजारी यांनी आपले थोडे त्याला उसने द्यायचे असते. जबाबदारी नाहीशी होत नाही. ती क्षणाकडून दिवसाकडे सरकते, आणि एकट्याकडून सोबतच्यांकडेही थोडी सरकते. आकसाचेही असेच आहे. काकांना समोर पाहिल्यावर छातीत जे पेटते, ते त्या घटकेला आपल्या हातात नसेल. परंतु रात्री जेवताना तो विषय काढायचा की नाही, हे मात्र हातात असते.

दुसरा आक्षेप वयस्कर मंडळींचा असतो. आता या वयात आम्ही काय बदलणार? त्यांच्यासाठी दोन उदाहरणे देतो. ठाणे जिल्ह्यातील मुरबाड तालुक्यात फांगणे नावाचे लहान गाव आहे. तेथे योगेंद्र बांगर या शिक्षकांच्या पुढाकाराने ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठीपासून नव्वदीपर्यंतच्या आज्या गुलाबी लुगडी नेसून, दप्तर घेऊन शाळेत येऊ लागल्या. ज्यांनी जन्मभर अंगठा उठवला, त्या स्वतःची सही करू लागल्या. दुसरे उदाहरण उत्तर प्रदेशातील लखनौजवळच्या खेड्यांतले. तेथे तिशीच्या आसपासच्या निरक्षर स्त्रियांना सहा महिने आपलीच ही देवनागरी लिपी शिकवली आणि आधी व नंतर त्यांच्या मेंदूचे चित्रण केले. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात बदल दिसला तो मेंदूच्या वरच्या थरापुरता नव्हता. पार आतल्या, फार जुन्या समजल्या जाणाऱ्या भागांचे दृष्टीच्या केंद्रांशी असलेले दळणवळणही बदलले होते. उतारवयात शिकणे हळू होते, हे खरे. पण वाट पडायची बंद होते, असे नाही. तेव्हा वयाची सबब अक्षरांच्या बाबतीत चालत नसेल, तर अबोल्याच्या बाबतीत कशी चालेल?

आता सर्वांत अवघड भाग. मग अन्याय विसरून जावा, असे आम्ही सांगतो आहोत काय?

नाही. विसरणे आणि क्षमा करणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. अमेरिकेत हेन्री मोलायझन नावाचे गृहस्थ होते. अपस्माराचे झटके थांबावेत म्हणून १९५३ साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, त्यांच्या मेंदूवर शस्त्रक्रिया झाली आणि दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा बराच भाग काढला गेला. झटके कमी झाले; पण त्या दिवसापासून नवी घटना मनात राहीना. त्यांना वर्षानुवर्षे भेटणाऱ्या संशोधकांशी ते दरवेळी प्रथमच भेटल्यासारखे बोलत. २००८ साली ते वारले. आठवण कशी घडते याचे कितीतरी ज्ञान जगाला त्यांच्यामुळे मिळाले. अशा माणसाचा सकाळी कोणी अपमान केला, तर दुपारी त्याच्या मनात त्याची खूणही राहणार नाही. पण त्याने क्षमा केली, असे आपण म्हणणार नाही. ज्याला आठवते, तोच क्षमा करू शकतो. म्हणून उद्या एखादी गोळी निघाली आणि तिने धुऱ्याचे भांडण दोन्ही घरांच्या डोक्यातून पुसून टाकले, तरी समेट झाला असे होणार नाही. दोन अनोळखी माणसे शेजारी राहू लागली, एवढेच होईल.

शिवाय काही आठवणी जपणे हे कर्तव्यच असते. ज्या कँडल यांनी गोगलगायीत आठवणीची रीत शोधली, ते मूळचे व्हिएन्नाचे, ज्यू कुटुंबातले. नोव्हेंबर १९३८ मध्ये त्यांना नुकतेच नववे वर्ष पूर्ण झाले होते. त्याच आठवड्यात नाझींच्या अंमलाखाली ज्यूंची घरे-दुकाने लुटली गेली. पोलिसांनी या कुटुंबाला घराबाहेर काढले. काही दिवसांनी परत आले तेव्हा घरातल्या मोलाच्या वस्तू गेल्या होत्या, आणि वाढदिवसाला मिळालेली त्यांची खेळण्यातली निळी मोटारही गेली होती. पुढच्या वर्षी ते अमेरिकेला गेले. नोबेल मिळाल्यावर ऑस्ट्रियाने कौतुक केले, तेव्हा त्यांनी जुने सगळे गोड करून घेतले नाही. २००३ साली व्हिएन्नातच, ऑस्ट्रियाचे नाझी काळातील वर्तन काय होते याची चर्चा घडवणारी परिषद भरवण्यास त्यांनी चालना दिली. विद्यापीठासमोरील रस्त्याला ज्यूद्वेष पसरवणाऱ्या एका जुन्या महापौरांचे नाव होते. ते बदलावे असे त्यांनी सुचवले, आणि २०१२ साली ते बदलले गेले. त्यांनी आठवण सोडली नाही. पण तिचा उपयोग त्यांनी सूड उगवण्यासाठी केला नाही. जे घडले ते सर्वांसमोर खरे सांगितले जावे, यासाठी केला.

आम्हांला वाटते, फरक येथेच आहे. आठवणीची साक्ष देणे निराळे आणि तिची उजळणी करणे निराळे. साक्ष एकदा, योग्य जागी, पूर्ण खरी दिली जाते. तिच्यात आपली चूकही येते आणि दुसऱ्याचे दुःखही येते. उजळणी मात्र रोज होते, आपल्याच माणसांत होते, आणि दर खेपेला ती थोडी आपल्या सोयीची होत जाते. हे केवळ उपदेशाचे बोलणे नव्हे. २००० साली न्यूयॉर्कमध्ये करीम नादर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवर दाखवले, की पक्की झालेली भीतीची आठवण जागी केली, की ती काही काळ पुन्हा ओली होते आणि तिला नव्याने पक्के व्हावे लागते. माणसांबाबत हे केव्हा आणि किती घडते याचा अभ्यास अजून चालू आहे. परंतु दर वेळी सांगताना गोष्ट थोडी बदलते, हे तर आपण सर्वांनीच अनुभवले आहे. दोन तासांची चार तासे अशीच होतात. म्हणजे आठवण ही कपाटातली जुनी सातबाराची नक्कल नाही. ती काढली, की आपण तिच्यावर पुन्हा लिहीत असतो. काय लिहितो, याला आपण जबाबदार आहोत.

आता जे खरोखर क्षमा करू पाहतात आणि थकतात, त्यांच्यासाठी दोन शब्द. आमच्या ऐकण्यात पुष्कळदा येते, की मी मनापासून क्षमा केली होती, पापनिवेदनही केले होते, पण भाऊ लग्नात समोर आला आणि सगळे पुन्हा उसळले. म्हणजे माझी क्षमा खोटीच होती का? अशा बंधुभगिनींनी धीर सोडू नये. रशियाचे शास्त्रज्ञ पावलोव्ह यांना शंभर वर्षांपूर्वीच आढळले होते, की घंटेच्या आवाजाला लाळ सुटण्याची कुत्र्याची सवय मोडली, तरी काही काळ मध्ये गेला की ती आपोआप थोडी परत येते. आज आपण जाणतो, की जुनी वाट बहुधा पुसली जात नाही. तिच्या शेजारी नवी वाट पडते, आणि चालून चालून तिलाच रुळावे लागते. राग परत आला, याचा अर्थ एवढाच, की जुनी वाट अजून खाली आहे. क्षमा खोटी होती, असा त्याचा अर्थ नव्हे. क्षमा आणखी एकदा करायची आहे, एवढेच.

किती वेळा, असा प्रश्न पेत्राने प्रभू येशूला विचारला होता. सात वेळा म्हणजे पुष्कळ झाले, असे त्याला वाटले असावे. उत्तर मिळाले ते सत्तर वेळा साताचे. आपण हे वचन बहुधा असे समजतो, की भाऊ चारशे नव्वद वेळा चुकेल आणि तितक्यांदा आपण त्याला क्षमा करावी. तो अर्थ आहेच. पण भाऊ एकदाच चुकला असेल, दोन तासे एकदाच नांगरली असतील, तरी त्या एका चुकीसाठीही आपल्याला इतक्या वेळा क्षमा करावी लागते, हे अनुभवाने कळते. ज्या आकसाची वीस वर्षे रोज उजळणी झाली, तो एका रविवारच्या निश्चयाने कसा जाईल? त्याला तितकीच उजळणी दुसऱ्या बाजूने हवी.

हे सारे घरी कसे करावे? पहिली गोष्ट, जे मोजून मिटते ते मोजून मिटवावे. शेताच्या हद्दीचा वाद असेल, तर दोघांनी मिळून भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करावा, खुणा करून घ्याव्यात आणि 'क' प्रत दोन्ही घरांत ठेवावी. कागद बोलू लागला, की मुलांच्या डोक्यात खटला भरून ठेवण्याची गरज उरत नाही. न्याय मागणे हे क्षमेच्या आड येत नाही. मोजणी आपल्या विरुद्ध निघाली, तर ती तासे निमूटपणे सोडून द्यावीत, हेही त्यातच आले.

दुसरी गोष्ट, जेवणाचे ताट या विषयापासून मोकळे ठेवावे. वडीलधाऱ्यांना बोलायचेच असेल, तर त्यांनी आपसांत, मुले नसताना बोलावे. मुलाने विचारले, तर खोटे सांगू नये. काय झाले ते एकदा सरळ सांगावे, काकांची बाजूही सांगावी, आणि काकांनी कधीकाळी आजोबांना खांद्यावर घालून दवाखान्यात नेले असेल, तर तेही त्याच दमात सांगावे. मुलाला आकस वारशात मिळू नये. शेत वाटून द्यावेच लागते. वैर वाटून देण्याची सक्ती कोणी केलेली नाही.

तिसरी गोष्ट रात्रीची. दिवसा शिकलेले झोपेत पक्के होते. उंदीर दिवसा ज्या वाटेने फिरला, त्या वाटेच्या पेशी झोपेत पुन्हा एकत्र जाग्या होतात, हे १९९४ साली दिसून आले. नको असलेली आठवण एका रात्रीच्या झोपेनंतर बाजूला सारणे अधिक कठीण जाते, असे चीनमधील संशोधकांना २०१६ साली माणसांत आढळले. राग असताना सूर्य मावळू देऊ नये, हा संत पौलाचा सल्ला आपण पुष्कळदा ऐकतो. तेव्हा दिवा मालवण्यापूर्वीचा शेवटचा शब्द तक्रारीचा नसावा. ज्याच्याशी आपले पटत नाही, त्याचे नाव त्या घटकेला प्रार्थनेत एकदा घ्यावे. सुरुवातीला ते नुसते ओठांवर राहील. राहू द्यावे. पाढेही आधी ओठांवरच असतात.

पेरणी तोंडावर आली आहे, आणि ज्यांचा धुरा एक त्यांची गाठ पडणारच. बोलायला फार काही नसेल, तर पावसाचे विचारावे, बियाण्याचे विचारावे. त्या वेळी आपला मुलगा शेजारी उभा असेल आणि लक्ष देऊन ऐकत असेल. त्याचीही ती उजळणीच आहे.